सात नंबरची बाटली

१

सोमवारी सकाळी चिमटीचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो.

"मीटरमामा, लवकर या. बाटल्या गेल्या."

"फुटल्या?"

"नाही हो, गेल्या! फ्रिज रिकामा आहे."

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून निघालो. रस्त्यात दोघं हसले. हसू देत म्हटलं, तुमच्या नद्यांसाठीच धावतोय.

चिमटी म्हणजे आमच्या संघटनेची केमिस्ट. बिस्किटसुद्धा चिमट्याने उचलते, म्हणून हे नाव. मी मीटर. बत्तीस वर्षं वीज खात्यात मीटर तपासले, आकडे टाकून वीज चोरणारे शेकड्याने पकडले. भल्याभल्यांनी माझ्यापुढे हात जोडलेत. निवृत्त झालो आणि थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तिच्या संघटनेत ओढलं. संघटनेचं काम राज्यभर. अर्धं पाण्याचं: नद्यांत घाण जाऊ नये. अर्धं विजेचं: कमी जळावी. पाणी ताईचं, वीज माझी, अशी आमची वाटणी होती.

तीन वर्षं गावोगाव सह्या गोळा करून दोन्हींचा मिळून एक कायदा आम्ही सरकारी समितीपुढे नेला होता. बुधवारी अकराला समितीची शेवटची बैठक. ती हुकली की अधिवेशन संपणार, मग निवडणुका, मग दोन वर्षं काळं कुत्रंही विचारणार नाही. त्या बैठकीत बारा नद्यांच्या बारा सीलबंद बाटल्या सगळ्यांदेखत उघडून सरकारी प्रयोगशाळेला द्यायच्या होत्या. आमचा सगळा खटला त्या बाटल्यांवर उभा होता.

त्यातली सात नंबरची बाटली एका शाळामास्तरांनी स्वतः आणली होती. त्यांची नऊ वर्षांची मुलगी दोन वर्षांपूर्वी काविळीने गेली. गाव नदीच्या काठावर, वरच्या अंगाला एक शहर आणि एक रंगाचा कारखाना. आम्ही त्या कारखान्यावर मोर्चा नेला होता. मी मास्तरांच्या शेजारीच चालत होतो.

ऑफिसात शिरलो तर चिमटी फ्रिजसमोर उभी. फ्रिज भिंतीच्या बटणावर बंद केलेला. आतून कोरडा पुसलेला. दार मिटू नये म्हणून फटीत घडी घातलेला वर्तमानपत्राचा तुकडा, जुनाट, पिवळा पडलेला. वरच्या खणातल्या बर्फाच्या चार विटाही गायब. नमुने न्यायची थंड पेटी गायब. आणि मागची खिडकी सताड उघडी.

सवयीने मी आधी फ्रिजच्या प्लगला लावलेल्या छोट्या मीटरचा आकडा पाहिला, ३१९.३, आणि दारावरच्या कार्डावर लिहिला. घर जळत असलं तरी मी आधी मीटर वाचेन, असं ताई म्हणते. ते खरं आहे.

"चोर सभ्य दिसतो," मी म्हटलं. "रिकामा फ्रिज चालू ठेवला नाही."

चिमटी हसली नाही. भिंतीवर माझ्याच अक्षरातली पाटी होती: रिकामं चालवू नका. बंद करा, पुसा, दार उघडं ठेवा. या पाटीपायी मी ऑफिसातल्या सगळ्यांचा जीव खाल्लाय. ताईच्या घरी मागच्या पडवीत एक जुना अवाढव्य फ्रिज आहे, आम्ही त्याला हत्ती म्हणतो. दोन वर्षांपूर्वी भांडून मी तो बंद करवला. तेव्हापासून ती त्यात रद्दी ठेवते.

बाहेरच्या चोराला ही शिस्त कुठून येणार? चोर आमच्यातलाच होता.

२

किल्ल्या पाच. ताई, वकीलसाहेब, ड्रायव्हर उस्ताद, चिमटी आणि मी.

ताई आली ती शांतपणे. खिडकी बघून म्हणाली, "शनिवारी रात्रीच कोणीतरी आत शिरलं असणार. पोलिसांना नको बोलवू. कारखान्यापर्यंत बातमी गेली की हसतील आपल्याला."

"मग शोधायचं कोणी?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मी शोधतो," मी म्हणालो. ताई माझ्याकडे बघत राहिली आणि मग खोलीत निघून गेली. मला वाटलं, दमलीय. आदल्या दिवशीच तिच्याकडे जेवलो होतो, तेव्हाही तोंड उतरलेलं होतं. दर रविवारी दहाला जातो मी, चहा, पेपर, मग जेवण. त्या रविवारी तिनेच फोन करून एकला ये म्हणून सांगितलं. गेलो तर माझ्या खुर्चीवर रद्दीचा हा ढीग! तो उचलून बाजूला ठेवला तेव्हा कुठे बसायला मिळालं.

खिडकी मी नीट पाहिली. बाहेरच्या चौकटीवर महिन्याची धूळ, कोपऱ्यात कोळ्याचं जाळं अखंड. त्या खिडकीतून मांजरही आलं नव्हतं. कडी आतून काढून कोणीतरी देखावा केला होता.

वकीलसाहेब शनिवारी सगळ्यात शेवटी, रात्री आठला निघाले होते. शिवाय महिन्याभरापूर्वी कारखान्याने त्यांना आपलं एक काम देऊ केलं होतं, हे मला ठाऊक होतं. विचारलं तसे उखडले.

"मीटरसाहेब, विकायचा असता घसा तर तीन वर्षं तुमच्यासाठी फुकट कोरडा केला नसता! आठला घरी गेलो. बायको साक्षीला आहे. बायको खोटं बोलत नाही, हाच तर माझा त्रास आहे."

"आणि रविवारी?"

"रविवारी कशाला? खिडकी शनिवारी रात्री उघडली म्हणता ना? रविवारी सूर्य उगवायच्या आत उस्तादबरोबर गाडीने गेलो होतो, साक्षीदारांच्या सह्या आणायला. दिवेलागणीला परत."

उस्तादने मान डोलावली. उस्तादचा मेहुणा त्याच कारखान्यात फोरमन. तेही मी विचारलं. विचारावंच लागतं.

"मेहुणा माझा आहे, कबूल," उस्ताद म्हणाला. "पण बारा ठिकाणी गाडी कोणी हाणली? त्या बाटल्या मांडीवरच्या पोरासारख्या आणल्यात मी. खड्डा आला की आधी त्यांना सांभाळायचो, मग माझ्या कमरेला. मला बोलू नका, साहेब."

त्याचे डोळे भरून आले. मला लाज वाटली. पण चोर तर सापडायला हवा होता, आणि हातात अजून दोनच दिवस होते.

राहिली चिमटी. ती टेबलापाशी बसून एकच चंचुपात्र पुन्हा पुन्हा पुसत होती.

३

"चिमटे, शनिवारी तू किती वाजता गेलीस?"

"पाचला."

"आणि रविवारी?"

"परीक्षा होती ना. साडेआठ ते साडेबारा हॉलमध्ये. हे बघा प्रवेशपत्र, वेळेचा शिक्का आहे त्यावर."

प्रवेशपत्र खरं होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. सात वर्षं ही पोर माझ्याशी मीटरमामा, मीटरमामा करत बोलते, आणि आज नजर चुकवते?

प्रत्येक नदीच्या दोन बाटल्या होत्या. एक सीलबंद, दुसरी आमच्या तपासणीची. "तू आपल्या बाटल्या तपासल्यास ना? निकाल कुठेत?"

"ताईंना दिले. शनिवारी."

"मला का नाही?"

ती एकदम रडायलाच लागली. "मामा, तुम्ही नका हो शोधू. दुसऱ्या कोणाला तरी सांगा. नाहीतर कोणीच शोधू नका."

माझं डोकं फिरलं. बत्तीस वर्षांत रडणारे चोर मी बक्कळ पाहिलेत. मी तिला नको ते बोललो. कारखान्याने किती दिले, असंही विचारलं. ती फक्त मान हलवत राहिली, एकदाही उलटून बोलली नाही. ते शब्द मला परत घेता आले तर काय हवं ते देईन. पण तेव्हा मी तरातरा बाहेर आलो आणि वकिलांना म्हणालो, "सापडली."

"पुरावा?" वकील म्हणाले.

पुरावा आणायला म्हणून मी पुन्हा त्या फ्रिजपाशी गेलो.

४

कार्डावर माझेच दोन आकडे होते. शनिवारी दुपारी चार वाजता ३१८.४. सोमवारी सकाळी ३१९.३. मधले नऊ दशांश युनिट.

हा फ्रिज दिवसाला एक पूर्णांक दोन दशांश युनिट खातो, हे मला माझ्या रक्तदाबापेक्षा पक्कं ठाऊक. म्हणजे चोवीस तासांना एक दोन, बारा तासांना सहा दशांश, आणि नऊ दशांशांना अठरा तास. शनिवारी दुपारी चारनंतर अठरा तास फ्रिज चालला आणि मग बंद झाला.

रविवार, सकाळी दहा.

मी दोनदा गुणाकार केला. मीटर खोटं बोलत नाही, खोटं बोलतात ती माणसं. रात्रीची चोरी नव्हतीच मुळी. आणि रविवारी दहाला चिमटी परीक्षेच्या हॉलमध्ये, वकील आणि उस्ताद गाडीत. पाचातल्या तीन किल्ल्या बाद. चौथी माझ्या खिशात.

मी खाली बसलो. दुसराही प्रश्न आता सरळ दिसत होता. बाटल्या नष्टच करायच्या तर बेसिन तिथेच होतं. उघडायच्या, ओतायच्या, दोन मिनिटांचं काम. चोराने थंड पेटी नेली, बर्फाच्या विटा नेल्या. चोराला बाटल्या नाहीशा करायच्या होत्या, पण खराब होऊ द्यायच्या नव्हत्या. म्हणजे त्या कुठल्यातरी दुसऱ्या फ्रिजमध्ये होत्या, आणि बारा मोठ्या बाटल्या घरच्या साध्या फ्रिजमध्ये मावत नाहीत.

फटीतला तो पिवळा कागद मी उलगडला. तारीख दोन वर्षांपूर्वीची. बाटल्या आपटू नयेत म्हणून कोणीतरी जुनी रद्दी आणली होती, त्यातलाच हा तुकडा. दोन वर्षं रद्दी सांभाळणारं घर मला एकच माहीत होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! मी सहसा रडत नाही, पण डोळे पुसावे लागले.

५

ताई दुपारी घरी गेली होती. तिच्या दाराबाहेर मीटरची पेटी आहे. त्यातला लाल दिवा लुकलुकतो, जितकी वीज जास्त तितका भरभर. मी घड्याळ धरून मोजलं. दोन वर्षं जो दिवा निवांत होता, तो दुप्पट वेगाने उघडझाप करत होता.

दार तिनेच उघडलं.

"हत्ती कधी जागा झाला, ताई?"

ती बाजूला झाली. मागच्या पडवीत हत्ती घुमत होता. उघडला. बारा बाटल्या ओळीने उभ्या, सीलं शाबूत, प्रत्येकीभोवती वर्तमानपत्र.

"ओतून का नाही टाकल्यास?"

"सात नंबरची घेतली होती ओतायला. बेसिनपर्यंत नेली. दोन गाड्या बदलून मांडीवर घेऊन आले होते रे ते मास्तर. नाही ओतवली." ती पडवीतल्या पायरीवर बसली. "तू नको होतास शोधायला. दुसरं कोणी असतं तर चाललं असतं."

"पण का? तीन वर्षं तूच..."

तिने कमरेला खोचलेला कागद काढून दिला. चिमटीचा निकाल. बारापैकी चार नंबरांखाली लाल रेघ. तीन, पाच, सात, दहा. समोर चिमटीचं टिपण: कारखान्याचा रंग किंवा रसायन आढळलं नाही. शहराचं मैलापाणी, जवळजवळ काहीच शुद्ध न केलेलं.

"मैलापाणी? पण या चारही शहरांत शुद्धीकरण केंद्रं आहेत. चांगली चालणारी. मी स्वतः..."

बोलता बोलता थांबलो.

"हो," ताई म्हणाली. "चारही ठिकाणी तुझे टायमर आहेत."

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या केंद्रांत सांडपाण्यात हवा सोडणारे मोठे ब्लोअर असतात, ते रात्रंदिवस वीज पितात. मी टायमर बसवले. संध्याकाळी सहा ते दहा, वीज सगळ्यात महाग असते तेव्हा ब्लोअर बंद. बिलं खाली आली. माझा सत्कार झाला, टाळ्या झाल्या. बुधवारी समितीपुढे मी तेच उदाहरण देणार होतो, सगळ्या राज्यात असं करा म्हणून. पण पाण्यातली घाण खाणारे जिवाणू त्या हवेवर जगतात. रोज चार तास त्यांचा श्वास कोंडला आणि घाण तशीच नदीत गेली. आठ वर्षं.

मी वीज मोजली होती, ताई. पाणी मोजलंच नव्हतं. हे मी मोठ्याने म्हणालो की मनात, आता आठवत नाही.

"मी विचारलं होतं तुला तेव्हा," ती म्हणाली. "पाणी कोणी तपासलंय का म्हणून."

विचारलं होतं. मी काय म्हणालो तेही मला लख्ख आठवलं. तू तुझं पाण्याचं बघ, विजेतलं तुला काय कळतंय! आणि हसलो होतो. आमच्या वाटणीत ताईने विजेत बोलायचं नाही, मी पाण्यात बोलायचं नाही, असा शिरस्ता पडून गेला. पाणी साफ होतं तेही विजेवरच, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"मी पुन्हा विचारलं नाही," ताई म्हणाली. "धाकटा भाऊ, पहिल्यांदा कोणी हार घातलेत, म्हटलं कशाला विरजण घाला. ते पाप माझं."

"आणि मास्तरांची पोर?"

तिने तोंड पदरात घेतलं. त्या मोर्चात आम्ही कारखान्याच्या दारात घोषणा देत होतो. शंभर माणसं, मी पुढे.

तोंड पुसून ती म्हणाली, "ऐक माझं. बैठक हुकू दे. आपण गुपचूप टायमर काढू. महिन्याभराने नवे नमुने घेऊ, ते चांगले येतील. कोणाला कळायचं नाही. आयुष्यभर तू लोकांच्या चोऱ्या पकडल्यास, बाबू, म्हातारपणी तुझ्या तोंडाला काळं लागलेलं मला नाही बघवणार."

बाबू. आई गेल्यापासून या नावाने मला कोणी हाक मारली नव्हती. एक क्षणभर वाटलं, हो म्हणावं. खोटं कशाला सांगू, एक क्षण नव्हता तो, एक कप चहा निवेल एवढा वेळ मी विचार करत होतो.

"बैठक गेली तर कायदा दोन वर्षं गेला," मी म्हणालो. "बाकीच्या आठ नद्यांनी काय घोडं मारलंय?"

मग तिच्याच फोनवरून मी चार शहरांना फोन लावले. तीन ठिकाणच्या माणसांनी तिथल्या तिथे टायमर काढले. मास्तरांच्या वरच्या शहरातला इंजिनियर म्हणाला, लेखी हुकूम आणा. तो हुकूम मिळायला बुधवार उजाडला.

त्याआधी मी ऑफिसात गेलो. चिमटीपुढे उभा राहिलो. तिनेच विचारलं, "मामा, जेवलात का?"

६

समितीपुढे आधी ताई उभी राहिली. "बाटल्या मी हलवल्या. सीलं शाबूत आहेत, हवं तर तपासा. आणि आजपासून संघटनेच्या अध्यक्षपदावर मी नाही," एवढं तिने तीन वाक्यांत सांगितलं. तिचा आवाज हलला नाही. एक हात तेवढा माझ्या खांद्यावर टेकलेला होता.

मग मी. चार बाटल्या, चार टायमर, आठ वर्षं. कारखान्याचा वकील मध्येच हसला तेव्हा आमचे वकीलसाहेब नुसते त्याच्याकडे वळून बसले, आणि तो गप्प झाला. बाकीच्या आठांपैकी, त्याच कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यांखालच्या दोन बाटल्यांत रंगही निघाला होताच. आमचं पाप निघालं म्हणून त्याचं धुतलं गेलं नाही.

कायदा झाला, अर्धा. पाण्याचा भाग मंजूर, विजेचा वगळला. वीज वाचवणं चुकीचं नव्हतं, मी ज्या पद्धतीने वाचवली ती चुकीची होती. पण हे समजावायला त्या दिवशी माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं. पेपरात जे यायचं ते आलं. वीजचोरांना पकडणारा म्हणून ओळखणारे आता कसे ओळखतात, ते सांगत बसत नाही.

बैठक संपल्यावर मास्तर बाहेरच्या बाकावर बसले होते. साक्ष द्यायला आलेले, माझं सगळं ऐकलेलं. त्यांच्यापुढून जायचं धाडस होईना आणि दुसरा रस्ता नव्हता.

"मोर्चात माझ्या शेजारी तुम्हीच होतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला चक्कर आली तेव्हा सावलीत नेऊन बसवलंत."

"हो."

ते चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमच्या वरचा तो टायमर अजून तसाच आहे?"

"लेखी हुकूम सकाळी हातात आला. आता निघतोच आहे काढायला."

"किती वेळ लागतो काढायला?"

"दहा मिनिटं."

ते उठले. "चला. मला बघायचंय."

उस्तादने गाडी काढली. रस्ता तीन तासांचा. केंद्रावर पोचलो तेव्हा सहाला थोडा वेळ होता, ब्लोअर अजून चालू होते. मी पेटी उघडली. आठ वर्षांपूर्वी मीच घट्ट आवळलेले चार स्क्रू. एक स्क्रू हातातून निसटून खाली पडला, तो मास्तरांनी उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तारा सोडवल्या, थेट जोडल्या, टायमर काढून खिशात टाकला. सहा वाजून गेले. ब्लोअर चालूच राहिले. हौदातलं पाणी खळखळत राहिलं.

मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"सहाच मिनिटं लागली," ते म्हणाले.